अडथळ्यावरचा पंच

इव्हेंटिंग ही घोडेस्वारीची तीन टप्प्यांची स्पर्धा आहे. पहिला टप्पा ड्रेसाजचा. ६० मीटर लांब आणि २० मीटर रुंद चौकात घोडा किती शिस्तीने आणि किती मोकळ्या अंगाने चालतो, हे त्यात पाहतात. दुसरा क्रॉस-कंट्रीचा: मोकळ्या रानातून ओंडके, चर, पाणी आणि दाट झुडपांच्या भिंती ओलांडत भरधाव जायचे. तिसऱ्या टप्प्यात रंगीत दांड्यांवरून उड्या मारायच्या आणि एकही दांडी पाडायची नाही. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये हा प्रकार आला तेव्हा ती लष्करी अधिकारी आणि त्यांच्या घोड्यांची परीक्षा होती. आज स्त्रिया आणि पुरुष एकाच यादीत एकमेकांविरुद्ध उतरतात. सर्वोच्च, म्हणजे पाच तारांकित दर्जाच्या स्पर्धा जगात मोजक्याच ठिकाणी होतात. इंग्लंडात बॅडमिंटन १९४९ पासून आणि बर्ली १९६१ पासून भरते. अमेरिकेत केंटकी आणि मेरीलँड, जर्मनीत लुमुलेन, फ्रान्समध्ये पो आणि ऑस्ट्रेलियात ॲडलेड ही बाकीची नावे.

या दर्जाचा क्रॉस-कंट्रीचा मार्ग ६,२७० ते ६,८४० मीटरचा असतो, ठरलेला वेग मिनिटाला ५७० मीटर आणि उड्या ४५ पर्यंत. घोडे काही मिनिटांच्या अंतराने सुटत असल्यामुळे मार्गावर एका वेळी दोन-तीन घोडे धावत असतात. एका जागी बसून हे सगळे पाहणे कोणत्याही परीक्षकाला शक्य नाही. म्हणून प्रत्येक अडथळ्याशी माणसे लागतात, मार्ग ओलांडणाऱ्या प्रेक्षकांना थोपवायला लागतात, मोडलेला ओंडका बसवायला, शेवटच्या रेषेपाशी पाणी ओतायला आणि कागद पोचवायला लागतात. मोठ्या स्पर्धेत ही संख्या शेकड्यांनी मोजावी लागते आणि त्यांतल्या बहुतेकांना पगार नसतो. डबा, पाणी, एखादी टोपी किंवा जाकीट आणि दिवसभर घोडे जवळून पाहायला मिळणे, एवढीच मिळकत. पॅरिस २०२४ ऑलिंपिकमध्ये सर्व खेळांसाठी मिळून ४५,००० स्वयंसेवक घेतले होते. घोडेस्वारी व्हर्सायच्या राजवाड्याच्या बागेत झाली. तिथेही राहण्याचा आणि प्रवासाचा खर्च ज्याचा त्यानेच करायचा होता.

मराठी माणूस या कामाकडे सहसा आडवाटेने येतो. भुसावळजवळच्या दीपनगरात, औष्णिक वीजकेंद्राच्या वसाहतीत वाढलेली मुले अभियांत्रिकी शिकून बाहेर पडतात. त्यांपैकी कुणी इंग्लंडातल्या ग्लॉस्टरशरमध्ये नोकरीला असतो, कुणी केंटकीत शिकत असतो. शनिवार-रविवार मोकळा असतो आणि गावच्या स्पर्धेला माणसे कमी पडत असतात. सुरुवात अशा लहान, स्थानिक स्पर्धेपासून होते आणि तशीच व्हावी. बॅडमिंटनसारख्या ठिकाणी अडथळ्यावर बसणारी बरीच माणसे वर्षानुवर्षे तेच काम करत आलेली असतात. नवख्याला तिथे थेट जागा मिळत नाही आणि मिळूही नये.

केवळ या कामासाठी भारतातून जाऊ पाहणाऱ्याने आधी कागदपत्रांचा विचार करावा. ब्रिटनच्या अभ्यागत व्हिसावर स्वयंसेवा चालते ती नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी, एकूण ३० दिवसांपर्यंत, आणि प्रवासाचा मुख्य हेतू दुसरा असेल तरच. बिनपगारी काम म्हणजे काम नव्हे, असे गृहीत धरू नये. दुसरी काळजी रोगांची. घोड्यांचा ग्लँडर्स हा रोग भारतात अजून आढळतो, तो माणसालाही होतो, आणि त्याच्याविषयी बाहेरचे देश फार सावध असतात. खान्देशातल्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारात किंवा एखाद्या तबेल्यात वापरलेले बूट तसेच बॅगेत टाकून नेऊ नयेत. परदेशात उतरताना प्राण्यांच्या संपर्काविषयी विचारले तर खरे सांगावे.

काम आदल्या दिवशीच सुरू होते. स्वयंसेवकांना मार्गावरून चालवत नेतात. प्रत्येक अडथळ्याच्या उजव्या हाताला लाल आणि डाव्या हाताला पांढरे निशाण असते. घोड्याने त्या दोहोंमधून जायचे. निशाणे एकदा ठोकली की ती सरळ उभी आहेत ना हे पाहणे अडथळ्यावरच्या माणसाचे काम. नियम समजावून सांगतात, नकाशा देतात, बिनतारी संच कसा वापरायचा ते दाखवतात. एका अडथळ्यावर निदान दोघे असले तर काम नेटके होते: एकाने पाहायचे, दुसऱ्याने लिहायचे.

नियम थोडे आहेत, पण ते मनात पक्के बसलेले हवेत. घोडा अडथळ्यापुढे अडला किंवा बाजूने निसटला तर पहिल्या वेळी २० दंडगुण, त्याच अडथळ्यावर दुसऱ्या वेळी ४०, आणि नकार पुरेसे साठले की स्पर्धा संपली. स्वार पडला तर तिथेच बाद. ठरलेल्या वेळेपेक्षा उशीर झाला तर दर सेकंदाला ०.४ दंडगुण. अडथळा ३० सेंटीमीटर किंवा त्याहून बुटका असेल, जसे पाण्यात उतरण्याची पायरी, तर तिथे घोडा क्षणभर थबकून लगेच जागेवरून उतरला तर दंड नाही. त्याहून उंच अडथळ्यापुढे तो थांबला की तो नकार. ज्याच्या वाट्याला पाण्याचा अडथळा येतो त्याने हा फरक आदल्या रात्री पुन्हा वाचून ठेवावा, कारण प्रत्यक्षात निर्णयाला निमिषभरही मिळत नाही.

प्रत्यक्षात काय घडते ते असे. आधी दूरवर शिट्टी ऐकू येते. वाट ओलांडणाऱ्या लोकांना थोपवणाऱ्या स्वयंसेवकाची. मग जमिनीतून टापा कळतात, घोडा अजून दिसतही नसतो. वळणावर तो दिसतो तेव्हा त्याचे कान पुढे असतात. झाडाच्या सावलीतून उन्हात येताना एखाद्या घोड्याचा एक कान मागे फिरतो, मान किंचित वर येते, पावले आखूड होतात. स्वार पायाने दाब देतो, पण घोड्याचा डावा खांदा बाहेर सरकू लागलेला असतो. अडथळ्यापासून दोन पावलांवर तो पूर्ण डावीकडे वळतो आणि पांढऱ्या निशाणाच्या बाहेरून निघून जातो. स्वार त्याला आवरून वर्तुळ घेतो, पुन्हा आणतो आणि या वेळी घोडा स्वच्छ उडी मारून जातो. सगळे मिळून अर्धे मिनिट. त्या अर्ध्या मिनिटात पाहणाऱ्याने पाहायचे, लिहिणाऱ्याने घोड्याचा क्रमांक, अडथळ्याचा क्रमांक, पहिला नकार, दुसऱ्या प्रयत्नात पार, असे लिहून नियंत्रण कक्षाला कळवायचे. निशाणाला धक्का लागला असेल तर ते पुढचा घोडा यायच्या आत सरळ करायचे. काही वादाचे वाटले तर कागदाच्या मागे लहानशी आकृती काढायची: घोडा कुठून आला, कुठे वळला, कुठून गेला. संध्याकाळी स्वाराने तक्रार केली तर चित्रीकरणाबरोबर हा कागदही पाहिला जातो.

जे दिसले तेच लिहायचे, वाटले ते नाही, आणि लिहायचे ते त्याच क्षणी. दीपनगरच्या वसाहतीत वाढलेल्याला ही शिस्त घरातूनच ठाऊक असते. वीजकेंद्राच्या नियंत्रण कक्षात पाळी बदलताना लॉगबुकात जे नाही ते घडलेच नाही असे धरतात, आणि पुढच्या पाळीचा माणूस त्या नोंदीवर विसंबून यंत्र हातात घेतो. घोड्याच्या अडथळ्यावरही पुढचा माणूस असाच विसंबून असतो. म्हणून घोड्यांविषयी खूप वाचलेल्यापेक्षा नोंद चोख ठेवणारा माणूस इथे अधिक उपयोगी पडतो, हे मत अतिशयोक्त वाटले तरी खरे आहे.

याहून अवघड आहे ते गप्प राहणे. चुकीच्या दिशेने निघालेल्या स्वाराला मदतीची हाक मारावी, ही आपल्याकडच्या माणसाची पहिली ऊर्मी असते. ती आवरावी लागते. बाहेरून मिळालेली सूचना ही बेकायदा मदत ठरते आणि तिच्यापायी त्या स्वारालाच बाद व्हावे लागू शकते. अडथळ्यावरचा पंच स्वाराला उडी मार, डावीकडून ये, काहीही सांगत नाही. स्वाराने विचारले तरी नियमात बसेल तेवढेच बोलतो. आपल्या देशाचा स्वार आला तरी हेच. भारताचा फुवाद मिर्झा टोकियो ऑलिंपिकमध्ये सेन्यॉर मेडिकॉटवर बसून २३ वा आला. अशा स्वाराला अडथळ्यावर उभ्या असलेल्या भारतीय स्वयंसेवकाकडून मिळायचे ते फक्त अचूक पंचगिरी.

या खेळात माणसे मरतात, हे लपवण्यात अर्थ नाही. १९९९ च्या एका हंगामात ब्रिटनमध्ये पाच स्वार दगावले. डिसेंबर २००६ मध्ये दोहाच्या आशियाई खेळांत दक्षिण कोरियाचा किम ह्युंग-चिल हा स्वार घोडा अंगावर कोसळून मरण पावला. घोड्याचा पाय पक्क्या अडथळ्याला अडकतो, तो हवेत उलटा होतो आणि आपल्या सगळ्या वजनानिशी स्वारावर येतो, हा सर्वांत घातक प्रकार. १९९९ नंतर अशा पिना आणि बिजागऱ्या तयार झाल्या की ठराविक जोराचा धक्का बसताच अडथळ्याचा ओंडका खाली बसतो आणि घोडा पुढे पडण्याऐवजी सावरतो. अशी पिन सुटली तर स्वाराला ११ दंडगुण लागतात, आणि ती सुटल्याचे कळवण्याची पहिली जबाबदारी तिथल्या स्वयंसेवकाची असते.

पडझड झाली तर क्रम ठरलेला आहे. आधी बिनतारी संचावरून क्रमांक आणि अडथळा सांगायचा. स्वार हलतो का, बोलतो का, घोडा उभा आहे का, हे तीन शब्दांत सांगायचे. डॉक्टर आणि पशुवैद्य वाटेत असतात. जखमी माणसाला उचलायचे नाही, शिरस्त्राण काढायचे नाही. मागून येणाऱ्या घोड्याला ठरलेल्या थांब्यावर लाल निशाण दाखवून रोखायचे आणि तो थांब्यावरून गेला ती वेळ नोंदवायची. पुन्हा सोडल्यावर तो त्याच जागेवरून गेला तीही वेळ टिपायची. मधला काळ त्याच्या एकूण वेळेतून वजा होतो. इथे दहा सेकंदांची चूक झाली तर चार दंडगुणांचा फरक पडतो, आणि पाच तारांकित स्पर्धेचा निकाल याहून कमी फरकाने लागल्याची उदाहरणे आहेत. स्वारावर कापडी पडदा धरून उभे राहणे हेही स्वयंसेवकांचेच काम. त्या वेळी पाठ अपघाताकडे आणि तोंड गर्दीकडे ठेवायचे असते.

शेवटच्या रेषेपलीकडे घोडे थंड करण्याची जागा असते. खान्देशातल्या माणसाने ही आवर्जून मागून घ्यावी. बादल्या, बर्फ, पाण्याची टाकी, थर्मामीटर. घोडा आत येतो तेव्हा नाकपुड्या फाकलेल्या, शिरा वर आलेल्या, कातडीवरून घाम आणि वाफ. खोगीर उतरवताच चार माणसे दोन्ही बाजूंनी मानेवर, खांद्यांवर, मागच्या मोठ्या स्नायूंवर बर्फाचे पाणी ओततात आणि ओतत राहतात. मधूनमधून घोड्याला चालवतात, ताप मोजतात, पुन्हा ओततात. तापलेल्या घोड्यावर गार पाणी टाकले तर त्याचे अंग आखडते, तो धरतो, असा समज आपल्याकडे आहे आणि युरोपातही पिढ्यान्‌पिढ्या होता. अटलांटाच्या १९९६ च्या ऑलिंपिकची तयारी करताना तिथल्या उष्ण, दमट हवेसाठी जे संशोधन झाले, त्याने हा समज खोटा ठरवला. गार पाणी सतत ओतत राहणे हाच सर्वांत जलद आणि सुरक्षित उपाय. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे नेणाऱ्या भुसावळच्या परिसरात आणि एकूण खान्देशात टांग्याचे, वरातीचे आणि शर्यतीचे घोडे राबतात. तिथे या एका माहितीने जनावरांचे जीव वाचतील.

ड्रेसाजच्या परीक्षकाशेजारी बसून त्याने उच्चारलेला गुण आणि शेरा लिहिणे हे आणखी एक काम. प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण, अर्धा गुणही चालतो. ते शांत, सावलीतले आणि शिकायला उत्तम. फक्त इंग्रजी वेगाने कानावर पडावे लागते आणि परीक्षकाशी गप्पा मारायच्या नसतात. बाकी लीद उचलणे, दांड्या पुन्हा लावणे, वाहनतळ सांभाळणे ही कामे सांगण्यासारखी नाहीत, पण ती टाळणाऱ्याला पुढच्या वर्षी कुणी बोलावत नाही.

ही कामे कोण करते, हे भारतातून गेलेल्याच्या लगेच लक्षात येते. निवृत्त डॉक्टर, शाळेच्या मुख्याध्यापक बाई, शेतकरी, बँकेतला अधिकारी. फावडे घेऊन मैदान नीट करणाराही असाच कुणी तरी असतो. आपल्याकडे घोडेस्वारीच्या स्पर्धांत मैदानावरचे काम बहुतेक सैन्यातले जवान किंवा पगारी मोतद्दार करतात. १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांत रघुबीर सिंग यांनी इव्हेंटिंगचे वैयक्तिक सुवर्णपदक मिळवले, संघानेही सुवर्ण जिंकले. तो संघ लष्करी परंपरेतलाच होता. सैन्याने हा खेळ भारतात टिकवला, याबद्दल दुमत नाही. पण त्यामुळे सामान्य नागरिकाचा त्याला हात लागला नाही आणि घोड्याशी संबंध म्हणजे एकतर मालकी नाहीतर चाकरी, हीच समजूत राहिली.

खान्देशाला घोड्याचे ज्ञान नाही असे मात्र मुळीच नाही. भुसावळजवळून वाहणारी तापी पश्चिमेकडे जाताना सारंगखेड्याला पोचते. तिथे एकमुखी दत्ताच्या यात्रेत मार्गशीर्षात दत्तजयंतीपासून घोड्यांचा बाजार भरतो. हे गाव पूर्वी धुळे जिल्ह्यात होते, १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात आले. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश इथून मारवाडी, काठेवाडी, नुकरा घोडे येतात. दात पाहून वय सांगणारे, भोवरे तपासणारे, रेवाल चालीचा घोडा नुसत्या टापांच्या आवाजावरून ओळखणारे लोक तिथे भेटतात. घोड्याचा खांदा अडथळ्याआधी कधी सरकतो, हे त्यांना शिकवावे लागणार नाही. भोवऱ्यांवरून ठरणारे शुभाशुभ बाजूला ठेवले तर हे डोळस ज्ञान कोणत्याही परदेशी मैदानावर चालेल असे आहे. त्यांच्याकडे नाही ती पुढची व्यवस्था: नोंद, शिट्टी, थांब्याची रेषा, पशुवैद्याने धावेआधी आणि धावेनंतर केलेली तपासणी.

आणि ही व्यवस्था ढासळली तर श्रीमंत देशांतही काय होते ते सप्टेंबर २०१८ मध्ये अमेरिकेत ट्रायन इथे दिसले. जागतिक अश्वक्रीडा स्पर्धेतली १६० किलोमीटरची सहनशक्तीची शर्यत पहाटे सुटली, पण काही स्वारांना सुरुवातीलाच चुकीच्या वाटेने धाडले गेले. सगळ्यांना परत बोलावून कमी अंतराची शर्यत नव्याने सुरू केली. दुपारी उष्णता आणि दमटपणा इतका वाढला की तीही रद्द करावी लागली. वर्षानुवर्षे तयारी करून आलेले घोडे आणि स्वार निकालाविना परतले. सुरुवातीच्या वळणावर उभ्या असलेल्या माणसाला नेमकी वाट ठाऊक असणे किती मोलाचे आहे, हे त्या दिवशी साऱ्या जगाला कळले.

याच सहनशक्तीच्या शर्यतीतून सारंगखेड्याने उचलावी अशी एक गोष्ट आहे. टप्पा पुरा केलेल्या घोड्याच्या हृदयाचे ठोके ठरलेल्या मुदतीत मिनिटाला ६४ वर आले तरच तो पुढे जातो. नाही आले तर कितीही मोठ्या मालकाचा असो, थांबतो. स्वयंसेवक स्टेथोस्कोप आणि घड्याळ घेऊन पशुवैद्याच्या मदतीला असतात. याला फारसा खर्च नाही. स्टेथोस्कोप, घड्याळ, वही आणि भिडेला बळी न पडणारा माणूस एवढेच लागते.

घोडेस्वारीतले भारतीय यश आता केवळ लष्कराचे राहिलेले नाही. २६ सप्टेंबर २०२३ रोजी हांगचौ आशियाई खेळांत सुदिप्ती हजेला, दिव्यकृती सिंह, मुंबईचा हृदय छेडा आणि अनुष अगरवाला यांनी २०९.२०५ गुणांसह ड्रेसाजचे सांघिक सुवर्ण जिंकले. घोडेस्वारीत भारताला हे सुवर्ण ४१ वर्षांनी मिळाले. सुदिप्ती खान्देशाच्या शेजारच्या इंदूरची. हे चौघेही नागरी घरांतले, आणि त्यांची तयारी युरोपात झाली. असे स्वार इथेच घडायचे तर इथे मैदाने हवीत आणि मैदानावर उभी राहणारी माणसेही हवीत.

सारंगखेड्यात यात्रेच्या काळात घोड्यांच्या स्पर्धा होतात आणि गर्दी धावपट्टीच्या कडेपर्यंत येते. परदेशात ज्यांनी अडथळ्यावर बसून किंवा घोड्यांवर पाणी ओतून काम केले आहे, अशा दीपनगर, भुसावळ, जळगाव, धुळ्याच्या मंडळींनी डिसेंबरातली एक सुटी या यात्रेसाठी राखावी. आयोजकांना आधी पत्र लिहावे, पशुवैद्यकीय दवाखान्याला सोबत घ्यावे, शाळा-महाविद्यालयांतली पंधरा-वीस मुले निवडून त्यांना शिट्टी, निशाण, नोंदवही आणि बादली यांचा वापर दोन दिवस शिकवावा. घोडे तिथे आहेत, जाणकारही आहेत. शिकवणाऱ्यांनी तेवढे यावे.